पहिली ओळ सोडून

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी बिल्ड तिसऱ्यांदा पडली. कोपऱ्यातल्या मशीनवर लाल दिवा लागला आणि पडद्यावर कारण उमटले: एक हजार नऊशे बारा पॅकेजेसपैकी एक मिळाले नाही. न मिळालेले पॅकेज एखादी संख्या सम आहे की विषम, एवढेच सांगण्याचे काम करत असे.

"सम की विषम ते मी सांगते ना," ताई म्हणाल्या. "मला विचार म्हणावं."

मशीनने विचारले नाही.

हे ऑफिस दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करी. कोणत्या पेशंटने किती वाजता कोणत्या खुर्चीत बसायचे, हे ते सॉफ्टवेअर ठरवी. त्या दिवशी सकाळपासून ते एकाच वेळी एकाच खुर्चीत दोन पेशंट बसवत होते. एका डॉक्टरांनी फोन करून विचारले होते, "दोघंही तोंड उघडून बसलेत. आधी कोणाच्या तोंडात बघू?"

चूक ताईंना साडेनऊलाच सापडली होती आणि एका ओळीत दुरुस्तही झाली होती. पण सॉफ्टवेअरची एक ओळ जरी बदलली, तरी ते सगळे नव्याने जुळवून, तपासून, मगच दवाखान्यांकडे पाठवायचे असते. हे काम कोपऱ्यातले मशीन करी आणि त्याला बिल्ड म्हणत. एका बिल्डला सेहेचाळीस मिनिटे लागत. त्यातली खरी कामाची मिनिटे पाच. उरलेली एक्केचाळीस मिनिटे मशीन जगभरातून तीच एक हजार नऊशे बारा पॅकेजेस पुन्हा गोळा करत बसे. पॅकेजेस म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे. काल आणलेले मशीन आज फेकून देई आणि तेच पुन्हा आणायला निघे.

त्यावर साहेबांचा नियम होता. ज्याची बिल्ड चालू असेल, त्याने हिरवा दिवा लागल्याशिवाय इमारत सोडायची नाही. नियम दाराशेजारी चिकटवलेला होता आणि दाराकडे तोंड करून साहेबांची खुर्ची होती.

ताईंना मात्र चार वाजून पाच मिनिटांनी इमारत सोडायची होती. साडेचार वाजता त्यांची गाडी चालवण्याची परीक्षा होती. ही चौथी तारीख. आधीच्या तिन्ही तारखांना त्या लाल दिव्यासमोर बसून होत्या आणि परीक्षा केंद्राच्या यादीत त्यांच्यापुढे तीनदा 'गैरहजर' लिहिले गेले होते. शिकाऊ परवान्याची मुदत आज संपत होती. आज चुकले तर पुन्हा अर्ज, पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा पहिल्यापासून सगळे. गंमत अशी की ताईंना गाडी उत्तम येत होती. ते फक्त कोणी पाहिले नव्हते.

सव्वाबाराला सासऱ्यांचा फोन आला. सासऱ्यांनी तीस वर्षे शाळेची बस चालवली होती आणि सुनेला गाडी त्यांनीच शिकवली होती. ताईंचे दोन्ही हात कीबोर्डवर होते, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"सूनबाई, जेवलीस का?"

"बिल्ड पडली, बाबा."

"परत? आता कोणी पाडली?"

"कोणी नाही. एक पॅकेज मिळालं नाही."

"काल मिळालं होतं ना?"

"मिळालं होतं."

"मग कालचं कुठंय?"

"टाकून दिलं."

"सूनबाई, मी रोज सकाळी गॅरेजात जाऊन बस नटबोल्टासकट सुटी केली असती आणि बाजारातून नवे भाग आणून जोडली असती, तर पोरं शाळेत कधी पोचली असती? दाढीमिशा फुटल्यावर."

"हेच मी तीन महिने सांगतेय," ताई म्हणाल्या. हे बोलताना त्यांनी फोनकडे पाहिले नाही. त्या साहेबांकडे पाहत होत्या.

साहेबांनी मान वर केली. साहेब वाईट नव्हते. आजचा दिवस सोडला तर त्यांच्या हाताखालून चुकीचा प्रोग्राम सहसा दवाखान्यात जात नसे, आणि याचे श्रेय ते दोन गोष्टींना देत. एक, शिस्त. दुसरी, ताजेपणा.

"काका, बसचं वेगळं असतं," ते फोनच्या दिशेने म्हणाले. "आपल्याकडे सगळं ताजं लागतं. शिळा माल मी दवाखान्यात पाठवत नाही."

"साहेब का? नमस्कार. साहेब, तुमच्या घरी मिठाची बरणी असेल."

"आहे की."

"रोज स्वयंपाकाआधी ती ओतून देऊन नवीन मीठ आणता?"

"मीठ शिळं होत नाही, काका."

"मग सम-विषम शिळं होतं? काल चार सम होते, आज सकाळी उठले आणि विषम झाले, असं काही झालंय का तुमच्याकडे?"

कोणीतरी हसले. साहेबांनी कोण ते शोधले, पण तोवर सगळे गंभीर झाले होते.

"आणि उद्या यादीत एखादं पॅकेज बदललं तर?" साहेबांनी ताईंना विचारले. "मशीन जुनंच वापरत बसेल."

"नाही बसणार. मशीन आधी यादीचा ठसा घेईल. अंगठ्याचा घेतात तसा. यादीतलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो. ठसा जुळला तर साठ्यातलं घ्यायचं. नाही जुळला तर जाऊन ताजं आणायचं आणि नवा साठा करायचा. याला आमच्याकडे कॅशिंग म्हणतात."

"आमच्याकडे डबे भरून ठेवणं म्हणतात," फोनमधून आवाज आला.

साहेबांनी शंकासुराकडे पाहिले. शंकासुर म्हणजे ऑफिसचा तपासनीस. जे काही तयार होईल त्यावर शंका घेणे, यासाठी त्याला पगार होता आणि तो पगारापेक्षा जास्त काम करी.

"काय वाटतं?"

"कल्पना बरोबर आहे," शंकासुर म्हणाला. "म्हणूनच मला शंका येतेय."

पण त्याने हो म्हटले. पावणेएकपर्यंत ताईंनी साठा करण्याचे काम लिहून टाकले आणि बारा पंचावन्नला बिल्ड सुटली. ही पहिली खेप असल्यामुळे सगळी पॅकेजेस एकदा आणावीच लागणार होती. सम-विषमवाल्यांचा सर्व्हर मधल्या वेळात जागा झाला होता. एक छत्तीसला पडद्यावर अक्षरे आली: साठा तयार. ताई पाणी प्यायल्या. आता पाच मिनिटे.

त्यातल्या दुसऱ्या मिनिटाला शंकासुर येऊन उभा राहिला.

"ताई, एका खुर्चीवर दोघं आले तर तुम्ही अडवताय. तिघं आले तर?"

"तिघं कशाला येतील?"

"दोघं तरी कशाला आले होते?"

ताईंनी करून पाहिले. दुसरा पेशंट बाहेर थांबत होता आणि तिसरा थेट जाऊन पहिल्याच्या मांडीवर बसत होता. ताईंनी बिल्ड थांबवली, दुरुस्ती केली आणि एक बावन्नला पुन्हा सोडली. या वेळी सगळे ऑफिस मशीनभोवती जमले होते. निवांतरावसुद्धा उठून आले होते. हे ऑफिसातले सर्वांत अनुभवी गृहस्थ. आपली बिल्ड सोडली की ते खुर्ची मागे करून बरोबर चाळीस मिनिटे झोपत आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला गजर न लावता उठत. त्यांच्या खणात एक छोटी उशी होती.

"आता बघा," ताई म्हणाल्या. "ठसा घेईल, साठा उघडेल, पाच मिनिटांत हिरवा दिवा."

मशीनने ठसा घेतला. मग अक्षरे उमटली: या ठशाचा साठा सापडला नाही. त्याखाली: पॅकेज एक आणत आहे.

"एक," निवांतरावांनी मोठ्याने वाचले आणि ते समाधानाने जागेवर गेले.

ताईंनी बिल्ड थांबवली. ठसा बदलला होता, म्हणजे यादी बदलली होती. पण यादीला कोणी हात लावला नव्हता. त्यांनी आधीच्या बिल्डची यादी आणि आताची यादी, दोन्ही तुलनेच्या साधनात टाकल्या. साधनाने उत्तर दिले: फरक नाही.

"फरक नाही, मग ठसा वेगळा कसा?"

"साधनच चुकत असेल," शंकासुर म्हणाला. "माझा त्याच्यावर पहिल्यापासून विश्वास नाही. आपण वाचू."

आणि त्या दोघांनी खरोखरच वाचले. शंकासुर जुनी यादी घेऊन बसला, ताई नवी. यादी दुसऱ्या ओळीपासून सुरू केली, कारण या ऑफिसात कोणतीही फाइल दुसऱ्या ओळीपासूनच वाचत. मशीन रिकामे दिसल्यावर इतरांनी एकदमच आपापल्या बिल्ड सोडल्या. कोणी सोडली, कोणी मधेच थांबवली, कोणी पुरी केली. ताईंचे लक्ष नव्हते.

"सातशे अकरा?"

"सेम."

"सातशे बारा?"

"सेम. ताई, जरा सावकाश. तुम्ही एवढ्या घाईत असलात की मला शंका येते."

"माझी परीक्षा आहे रे!"

"ती माझीही चालू आहे. सातशे तेरा?"

पावणेतीन वाजता एक हजार नऊशे बारावे पॅकेज संपले. सगळे सेम. ताईंनी कपाळाला हात लावला. एवढ्यात साहेब चहाचा कप घेऊन मागून आले आणि दोघांच्या पडद्यांवरून नजर फिरवत म्हणाले, "वा!"

"काय झालं, साहेब?"

"काही नाही. शिक्का बघत होतो. यावर बारा चोपन्न आणि यावर एक एक्कावन्न. अगदी मिनिटामिनिटाला चोख चालतोय बघा."

ताईंनी हळूहळू यादी वर सरकवली. अगदी माथ्यावर, पहिल्या ओळीत, लिहिलेले होते: शेवटचा हात, तारीख, एक वाजून एक्कावन्न मिनिटे.

ही साहेबांची ओळ. कामकाजात शिस्त यावी म्हणून साहेबांनी नऊ वर्षांपूर्वी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. कोणीही कसलाही बदल मशीनकडे पाठवला की तो प्रोग्राम प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर त्या क्षणाची वेळ ठोके. हात लागलेल्या फाइलीवर ठोके आणि न लागलेल्यावरही ठोके, म्हणजे भेदभाव नको. त्यामुळे रोज प्रत्येक फाइल बदललेली दिसे. मग कंटाळून कोणीतरी तुलनेच्या साधनाला सांगून ठेवले की पहिली ओळ बघू नकोस. साधन बघेनासे झाले. माणसांना सांगावेही लागले नाही. एकट्या मशीनला हे कोणी कळवले नव्हते. ते बिचारे यादी पहिल्या ओळीपासून वाचत होते.

"साहेब," ताई शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, "दर वेळी तुमच्या शिक्क्याची वेळ बदलते. म्हणून यादीचा ठसा बदलतो. म्हणून साठा सापडत नाही."

"म्हणजे शिक्का काढायचा?" साहेबांनी कप खाली ठेवला. आवाजात एखाद्याच्या घरावर नोटीस लागावी तसा सूर होता. "त्या शिक्क्यानं एकदा आपली लाज राखलीय. तो दवाखाना म्हणत होता, आपण सोमवारी चूक केली. आणि शिक्क्यावर होतं, रविवार."

"काढायचा नाही हो. शिक्का राहील. प्रत्येक फाइलीवर राहील. फक्त ठसा घेताना मशीन पहिली ओळ सोडून घेईल."

"माझी ओळ सोडून?"

"तुमची ओळ इतकी अचूक आहे, की मशीनला झेपत नाही."

"बरोबर," शंकासुर म्हणाला, "जसं आपण सगळे इतकी वर्षं ती..."

ताईंनी टेबलाखाली त्याच्या बुटावर बूट ठेवला. वाक्य तिथेच संपले. साहेबांनी विचार केला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मशीनची कुवत नसेल तर आपण समजून घेतलं पाहिजे."

तीन वाजता बदल झाला. पॅकेजेस पुन्हा आणण्याचीही गरज नव्हती. एक छत्तीसचा साठा मशीनमध्ये पडून होता. त्याला नवा ठसा लावला की काम झाले. तीन वाजून दोन मिनिटांनी ताईंनी तसा हुकूम दिला आणि मशीन म्हणाले: डिस्कवर जागा नाही.

दोघे वाचत बसले असताना सुटलेल्या बिल्डचा हा प्रताप होता. प्रत्येक बिल्डला शिक्का नवा, म्हणून ठसा नवा, म्हणून पॅकेजेस नव्याने आणून साठा नवा. मशीनने एक छत्तीसच्या साठ्याच्या शेजारी इमानेइतबारे तसलेच आणखी साठे रचून ठेवले होते आणि डिस्क काठोकाठ भरली होती.

"जादाचे साठे काढून टाका कोणीतरी," ताई म्हणाल्या. त्यांचा फोन वाजत होता.

"मी काढतो," निवांतराव म्हणाले. ते मदतीला उठल्याचे ऑफिसने प्रथमच पाहिले.

फोनवर सासरे होते. "सूनबाई, मी आलोय खाली. गाडी चालू ठेवू की बंद करू?"

"बंद करा, बाबा. अजून तासभर आहे."

"बरं. तेल-पाणी बघितलंय. आरसे पुसलेत. तू फक्त ये."

ताई मशीनकडे वळल्या. निवांतराव हात झटकत उभे होते.

"झाली जागा?"

"भरपूर."

"कोणता ठेवलात?"

"कोणता म्हणजे?"

"एक साठा ठेवायचा होता ना!"

"सगळे अगदी सारखे होते हो," निवांतराव म्हणाले. "एक ठेवून बाकीचे का काढायचे, याला काही कारण सापडेना. म्हणून सगळेच काढले."

ताई खुर्चीत बसल्या. तीन वाजून आठ मिनिटे झाली होती. एक्केचाळीस मिनिटे पॅकेजेसची, पाच कामाची. म्हणजे तीन चोपन्न. सगळे पहिल्या झटक्यात झाले तर. त्यांनी बटण दाबले. दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

त्यानंतरच्या एक्केचाळीस मिनिटांत ऑफिसात कोणी काम केले नाही. साहेब मशीनशेजारी खुर्ची ओढून बसले आणि आकडे वाचू लागले. निवांतराव झोपले नाहीत. तेवढेच त्यांचे प्रायश्चित्त होते. तीन तीसला खालून फोन आला.

"चालू करू का?"

"अजून नाही, बाबा."

तीन अट्ठेचाळीसला आकडा एक हजार नऊशे अकरावर येऊन थांबला. उरले होते ते सम-विषम. अर्धे मिनिट गेले. एक मिनिट गेले. साहेब खुर्चीतून उठले. ताईंनी डोळे मिटून घेतले. आणि पडद्यावरचा आकडा बदलला.

"एक हजार नऊशे बारा!" साहेब ओरडले.

"सम आहे," शंकासुर म्हणाला, आणि लगेच, "बहुतेक."

साठा तयार झाला. तपासण्या सुरू झाल्या. एक पेशंट, दोन पेशंट, तीन पेशंट. तीन चोपन्नला लाल दिवा लागला.

या वेळचे कारण शंकासुराने वाचले. "खुर्ची रिकामी आहे. पेशंट एकच आहे. तरी बसू देत नाहीये. ताई, तुम्ही आता कोणालाच बसू देत नाही आहात."

ताईंनी पाहिले. तिसऱ्या पेशंटला अडवण्याच्या घाईत एक चिन्ह उलटे पडले होते. त्या सॉफ्टवेअरमध्ये आता कोणाही माणसाचे दात कधीही तपासले जाणार नव्हते. त्यांनी चिन्ह सरळ केले. दोनदा वाचले. शंकासुराला वाचायला लावले.

"शंका?"

शंकासुराने बराच वेळ पाहिले. "नाही," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला.

तीन अट्ठावन्नला बदल गेला. साहेबांच्या प्रोग्रामने सगळ्या फाइलींच्या माथ्यावर चोखपणे तीन अट्ठावन्न ठोकले. मशीनने यादी उचलली, पहिली ओळ सोडली आणि ठसा घेतला. पडद्यावर तीन शब्द आले, आणि नऊ वर्षांत त्या पडद्यावर कोणी असले काही वाचले नव्हते: साठा सापडला. वापरतो.

बारा सेकंदांत सगळी पॅकेजेस जागेवर होती. निवांतरावांनी घड्याळ कानाला लावून पाहिले. एक पेशंट बसला. दुसरा बाहेर थांबला. तिसराही थांबला. चार वाजून तीन मिनिटे आणि बारा सेकंदांनी कोपऱ्यात हिरवा दिवा लागला.

सेहेचाळीस मिनिटांचे काम पाच मिनिटे बारा सेकंदांत! टाळ्या झाल्या. कोणीतरी टेबल बडवले. शंकासुराने पुन्हा बघू म्हणून आणखी एक बिल्ड सोडली आणि स्वतःच टाळ्या वाजवत तिच्यासमोर बसला. साहेब दाराशी गेले, नियमाच्या कागदाशेजारी उभे राहिले आणि त्यांनी आपल्या हाताने दार उघडून धरले.

"निघा, ताई. आणि आरशात बघत चला."

ताईंच्या हातातला फोन वाजला. "चालू करू का?"

"करा, बाबा! करा!"

सासरे शेजारच्या सीटवर सरकून बसले होते. वाटेत ते चुकूनसुद्धा सूचना देणार नव्हते. त्यांनी फक्त तीनदा "सावकाश" म्हटले आणि दोनदा "अगं, जरा वेगात". चार चोवीसला गाडी परीक्षा केंद्राच्या मैदानात शिरली. निरीक्षकांनी यादीत नाव शोधले, मान वर केली आणि ताईंना नीट न्याहाळले.

"अच्छा, त्या तुम्ही! गैरहजर बाई. मला वाटलं नाव चुकून पडलंय, असं कोणी नाहीच."

"मी आहे," ताई म्हणाल्या.

"दिसताय खऱ्या. बसा. फोन बाहेर द्या."

फोन सासऱ्यांकडे गेला. ते कुंपणाशी जाऊन उभे राहिले. चार चाळीसला त्या फोनवर साहेबांचा फोन आला.

"ताई, दवाखान्यातून आत्ताच कळलं! एका खुर्चीत एकच पेशंट! डॉक्टर म्हणाले, आता तोंडात बघायला मजा येतेय. आणि ऐका, साडेचारपासून..."

"साहेब, मी काका बोलतोय. ती गाडीत आहे."

"गाडीत? म्हणजे सुरू झाली? कसं चाललंय?"

"आठचा आकडा काढला. एकदम गोल. माझ्या बसनं कधी काढला नाही इतका."

"थांबा, थांबा. स्पीकरवर टाकतो." मग साहेबांचा आवाज लांबून आला. "अरे, इकडे या सगळे! बिल्ड राहू दे!"

"मला तर कालपर्यंत चाळीस मिनिटं मिळायची," मागे निवांतराव कोणाला तरी सांगत होते. "आता डोळा लागतो न लागतो तोच हिरवा. माणसानं झोपायचं कधी?"

"श्श!"

"चढ आला," सासरे म्हणाले. "चढावर थांबली. आता मागं घसरता कामा नये. नाही घसरली. एक बोटभरसुद्धा नाही!"

ऑफिसातून टाळ्यांचा आवाज आला. कुंपणाजवळ उभे असलेले दोघे अनोळखी उमेदवार फोनकडे पाहू लागले.

"निरीक्षक काय करतोय, काका?" शंकासुराचा आवाज. "लिहितोय का? डोकं हलवतोय? उभं की आडवं?"

"लिहीत नाहीये. पेन कानावर ठेवलंय."

"हे चांगलं की वाईट?"

"मला काय माहीत? माझी परीक्षा झाली तेव्हा पेनंच नव्हती. आता शेवटचं आहे. दोन खांबांच्या मधे गाडी मागं घ्यायची, एकाच दमात. चार चाकं रेषेच्या आत."

"जमेल ना?"

"पार्किंगमध्ये मी तिला हेच शिकवलंय," सासरे म्हणाले. "तुमच्या त्या दिव्याची वाट बघत तीन वेळा नुसता बसून होतो ना, तेव्हा मनात मीच पन्नास वेळा गाडी लावली असेल. थांबा. निघाली. मागं येतेय. आरशात बघतेय. सावकाश. खांबाला... नाही, नाही लागली. मागची दोन्ही चाकं आत."

पलीकडे खुर्च्या फोनजवळ सरकल्या.

"पुढची, काका? पुढची दोन?"

चार वाजून एक्कावन्न मिनिटे झाली होती. पुढचे डावे चाक रेषेच्या आत होते. उजवे नेमके रेषेवर होते आणि गाडी अजून हलत होती.

"गप्प बसा हो सगळे," सासरे कुंपणावरून वाकत म्हणाले. "मला बघू द्या."